र कुठे बसतो?

देवनागरी मला फार प्रिय आहे. तिची शिरोरेघ, तिचे काने, उकार नुसते पाहत बसायलाही आवडतं. पण वाचनाशी झगडणाऱ्या मुलाशेजारी बसलं, की हीच लिपी किती घाटवळणांची आहे ते दिसू लागतं. 'किती' म्हणताना क आधी उच्चारायचा आणि वेलांटी मात्र त्याच्या अलीकडे काढायची. 'सूर्य'मधला र बोलताना य-च्या आधी येतो, कागदावर त्याच्या डोक्यावर चढतो. 'चक्र'मध्ये तोच पोटात तिरपा शिरतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी बसतो, 'वाऱ्यावर'मध्ये आणखीच निराळा. घ-ध, म-भ यांच्यात फरक तो केवढासा! आपण हे सारं कधी ओलांडलं, आठवतही नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ते ओळीओळीला नव्यानं ओलांडावं लागतं.

आणि हेच मूल आग्र्याहून सुटकेची गोष्ट तोंडी सांगू लागलं, की पेटारे, पहारेकरी, सगळं उभं करतं. उत्तरपत्रिकेत मात्र दीड ओळ. मग प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो : 'हुशार आहे, पण आळशी.' इतकं अन्यायाचं वाक्य शाळेच्या कागदांवर दुसरं नसेल.

पूर्वी धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवत. बोटाला खरखर, डोळ्यांना वळण, ओठांवर उच्चार. आजचे विशेष शिक्षक वाळूत, रव्यात अक्षरं काढून घेतात, तेही स्पर्श, दृष्टी आणि आवाज एकत्र आणण्यासाठीच. जोडाक्षर सुटं करायचं, म्हणायचं, पुन्हा जोडायचं. उद्या ते विसरलेलं असेल, तर परत. या कामाला घाई चालत नाही.

महाराष्ट्रात १९९६पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. वाढीव वेळ, लेखनिक. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. तरी काही पालक प्रमाणपत्र घ्यायला कचरतात, काही शाळा ते मेहेरबानीसारखं वागवतात. तो त्या मुलाचा हक्क आहे, आणि दहावीपर्यंत थांबून मागायचा नाही. तिसरी-चौथीतच तपासणी करून घ्यायला हवी.

शिक्षकांना एवढंच विनवते : अशा मुलाला भर वर्गात अचानक उभं करून धडा वाचायला लावू नका. तो त्याला वाचून दाखवा, आणि उत्तरं तोंडी ऐका.