कानाला सोसेल असे लेणे

स्त्रीच्या कानाने किती भार सोसावा, याचा विचार दागिने घडवताना आपल्याकडे फारसा झालेला नाही. भार असह्य झाला, तर वेल केसांत अडकवून तो डोक्यावर सोपवण्याची युक्ती मात्र आपण शोधली.

माझी आई पारनेर तालुक्यातली. वर्षानुवर्षे जड कर्णफुले वागवून तिच्या उजव्या कानाची पाळी फाटली. डॉक्टरांनी ती शिवली, काही महिन्यांनी व्रणाशेजारी नवे छिद्र केले आणि जड दागिना पुन्हा न घालण्यास बजावले. हलके म्हणून आणलेले खोटे दागिनेही तिला सोसेनात. त्यांतील निकेलमुळे पाळीला खाज सुटे, पाणी येई. मोकळ्या कानांनी लग्नकार्याला जाणेच तिने टाळले. वाचकहो, हे दुखणे कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर उमटत नाही.

आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेतील नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ साली तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर आकृती रेखावी आणि यंत्राने ती हुबेहूब कापून द्यावी, अशी ही कार्यशाळा. ‘आपल्या गरजेची वस्तू आपणच घडवावी’ हा तिचा विचार मी उचलला आणि अशाच एका कार्यशाळेत आईसाठी कुडी बेतली.

साहित्य होते शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल, तर ते एचडीपीई प्लास्टिक. बाटल्या धुऊन, तुकडे करून, तापत्या पोलादी पत्र्यांमध्ये दाबल्या की संगमरवरासारखी नक्षी असलेली पाटी होते. तीतून संगणकाच्या आज्ञेने फिरणाऱ्या कटरने सात चकत्या कापल्या. मोत्यांच्या कुडीत असतात तशा, मध्ये एक आणि भोवती सहा. मागची दांडी टायटॅनियमची. एक घनसेंटीमीटर सोने १९.३ ग्रॅम भरते, तेवढेच एचडीपीई सुमारे ०.९५ ग्रॅम. म्हणून दागिना ठसठशीत दिसतो, पण पाळीला जाणवत नाही. आई तो घालून पुतणीच्या लग्नाला गेली.

मात्र हा प्रयोग घरच्या शेगडीवर करू नका. ३ आकडा असलेले पीव्हीसी तापले की हायड्रोजन क्लोराइड हा श्वासनलिकेला पोळणारा वायू निघतो. हवा खेळती हवी, कडा घासताना तोंडावर मास्क हवा, आणि लहान मुलांच्या हाती सुटे भाग नकोत.

आज रात्री कानांतले काढून आरशात पाहा. छिद्र गोल न राहता खाली ओघळू लागले असेल, तर पाळी फाटण्याची वाट पाहू नका. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे कानही पाहा. त्या स्वतःहून सांगणार नाहीत.