धूर निघणारं पाणी

नाशिकच्या चार पोरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, असा फोटो हवा." आर्क्टिकमधल्या निळसर हिमखंडांतून एक माणूस फळीवर उभ्याने वल्हं मारत चालला होता. फळी म्हणजे पॅडलबोर्ड. हवा भरून फुगवायचे चार बोर्ड डिकीत घालून पोरं राजूरला आली होती. भंडारदऱ्याच्या पाण्यातून शेंडी ते रतनवाडी जायचं आणि मी ते टिपायचं, असा बेत. बर्फ कुठून आणू, असं विचारणार होतो. पण महिना जानेवारीचा होता, म्हणून गप्प बसलो.

जानेवारीच्या पहाटे आमच्याकडेही पाण्यातून धूर निघतो. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणामागचं पाणी ऊब धरून असतं, रात्री डोंगरावरून गार हवा उतरते आणि पाण्याची वाफ त्या हवेत शिरली की पांढरी होऊन वर चढते. आर्क्टिकमध्ये बर्फाला भेग पडते तिथे खालचं समुद्राचं पाणी उणे दोन अंशांच्या जरा वरच असतं, वरची हवा उणे वीस-तीस. तिथलाही धूर असाच. म्हणजे पोरांना हवं होतं त्यातलं अर्धं इथे फुकट होतं.

पांढऱ्याचा फोटो ही मात्र कटकट. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. त्याच्यावर सोडलं तर धुकं राखेसारखं येतं, बर्फही तसाच. म्हणून एक ते दीड स्टॉप उजेड हाताने वाढवायचा. शिवाय पांढऱ्यात अंतर कळत नाही. हिमनग घराएवढा की किल्ल्याएवढा, हे शेजारी माणूस दिसेपर्यंत सांगता येत नाही. धुक्यात रतनगड पुसला गेला की आमचीही तीच गत. मोजपट्टी म्हणून उरतो फळीवरचा तो एक काळा ठिपका. त्याला चौकटीत मोठा केला की जागा मेली. पोरांना चेहरे हवे होते. मी ठिपके काढायचं ठरवलं.

जमिनीवर फोटोग्राफर पायांनी फोटो काढतो. दोन पावलं डावीकडे, जरा खाली बसून. पाण्यावर पाय कामाचे नाहीत. तिथे तुमची जागा नावाडी ठरवतो, म्हणून पाण्यावरचा निम्मा फोटो त्याचाच असतो असं मी मानतो. शेंडीचा माझा नावाडी कोळी समाजातला, या पाण्यावरच वाढलेला. त्याने होडी पोरांच्या पुढे काढली आणि तोंड धरणाकडे वळवलं. आता उगवतीचा उजेड पोरांच्या पाठीमागून येणार आणि धूर आतून पेटल्यासारखा दिसणार. इंजिन बंद केलं. "वारं पडलंय, थांबा जरा," एवढंच म्हणाला.

थांबलो नाही तो मी. एक पोरगा लांब राहिला म्हणून इंजिन लावायला सांगितलं, होडी त्याच्या जवळून नेली. पाणी इतकं शांत होतं की आमची लाट त्याच्यापर्यंत पोचताना मला डोळ्यांनी दिसत होती. फळी एकदा कलली, दुसऱ्यांदा कलली आणि पोरगा पाण्यात. लाइफ जॅकेट होतं, पायाला बोर्डची दोरी होती. दोन मिनिटांत तो परत फळीवर आला, दात वाजवत, पण हसत. नावाडी माझ्याकडे न बघता वल्हं पुसत बसला. आर्क्टिकात हीच चूक केली असती तर? विचार करवत नाही.

पोरगा भिजला तरी निभावलं, कॅमेऱ्याचं तसं नाही; आमच्या डांगी बैलांचा मला हेवा वाटतो. राजूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात त्यांच्या पाठीवरून हात फिरवून बघा, कातडीचा तेलकटपणा हाताला लागतो. डांगाणातला पाऊस त्यावरून ओघळून जातो. कॅमेऱ्याला ही सोय नाही. गारठ्यातून तो थेट चुलीजवळ नेला तर भिंगावर, कधी आतही, दव धरतं. म्हणून घरात शिरण्याआधी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि तास-दोन तास हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी घाई केली आणि एक लेन्स बुरशीला दिली.

१९१५ साली अंटार्क्टिकात जहाज बर्फाने चिरडल्यावर त्यावरचा फोटोग्राफर फ्रँक हर्ली याने काचेच्या शंभरावर प्लेटा ठेवल्या आणि सुमारे चारशे बर्फावर फोडून टाकल्या, पुन्हा मोह नको म्हणून. मी त्या सकाळच्या सहाशे फोटोंतून अकरा ठेवले.

त्यातला एक नावाड्याला दाखवला. धूर, त्यात चार ठिपके, मागे धरणाची भिंत असेल-नसेल अशी. त्याने बराच वेळ बघितलं. "आपली होडी कुठंय ह्याच्यात?"

खालच्या कोपऱ्यात एक वाकडी लाट आली होती. तिच्यावर बोट ठेवलं.