मिर्झापूरचे बारा

आमच्या लहानपणी समर कॅम्प नव्हते, छंदवर्ग होते. परीक्षा संपलेली, निकाल अजून लागायचा, अशा एप्रिलच्या अधांतरी दिवसांत पेठेतल्या एका शाळेत ते सुरू व्हायचे आणि मेच्या मध्यावर संपायचे. सकाळी नऊ ते एक. डब्यात पोळीचा लाडू, नाहीतर तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. शाळा तीच, बाकं तीच, पण घंटा वाजत नसे. एवढ्यानेच ती इमारत परक्या गावातल्या धर्मशाळेसारखी वाटायची.

मला घातलं होतं सुंदर हस्ताक्षराच्या वर्गात. माझ्या अक्षराला घरात कोंबडीचे पाय म्हणत. दोन दिवस मी टाकाने 'अ' गिरवले. तिसऱ्या दिवशी खिडकीतून मैदानावर पाहिलं, तर भर उन्हात टोपी घातलेले एक सर उकिडवे बसले होते. समोर जमिनीत एक मीटरची काठी उभी केलेली, भोवती सात-आठ पोरं. सर काठीच्या सावलीच्या टोकाशी फक्कीचा ठिपका देत होते. थोडं थांबत, परत ठिपका देत. बाकी काहीच घडत नव्हतं. मी चप्पल उचलली आणि खाली गेले. एरवी शाळेत तुकडी बदलायची म्हणजे अर्ज, पालकांची सही, हेडबाईंची खोली. इथे कुणी विचारलंसुद्धा नाही.

मराठीत छंद 'लागतो'. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, दृष्ट लागते, तसाच. जोपासायचा तो पुढे, आधी तो लागावा लागतो. आणि ठेच काही ठरवून लागत नाही. आईवडील फी भरतात ती एका वर्गाची, आणि मूल ठेचकाळतं भलत्याच वर्गाच्या उंबऱ्याला. मला विचाराल तर शिबिराची सगळी गंमत तिथेच आहे. म्हणून वेळापत्रकाचा प्रत्येक अर्धा तास भरलेला दिसला की मला धास्ती वाटते. त्यात खिडकीबाहेर बघायला वेळ कुठे ठेवलेला असतो?

पहिल्याच दिवशी आमचा एक मोठा गैरसमज मोडला. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, असं आम्ही धरूनच चाललो होतो. घड्याळात बारा वाजले तरी सावली आखूड होतच राहिली. तिने तळ गाठला तो साडेबाराच्या सुमाराला. सर हसून म्हणाले, "घड्याळातले बारा मिर्झापूरचे. पुण्याचे बारा अजून वाजायचेत." मग त्यांनी मातीत नकाशा काढला. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली, तो मिर्झापूरजवळून जातो. पुणे त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. गुणाकार आम्ही काडीने मातीतच केला, पस्तीस आले. मे महिन्यात सूर्य स्वतःच साडेतीन-चार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा. बारा एकतीस. पुणेकर मुलीला आपल्या गावाची खरी दुपार एवढी उशिरा होते हे कळणं म्हणजे काय, ते कसं सांगू! त्यानंतर कितीतरी दिवस मी घरच्या लंबकाच्या घड्याळाकडे, मोठ्या माणसाचं खोटं पकडल्यासारखी बघायचे.

पण सरांचा खरा डाव वेगळा होता. रोज बारा एकतीसला ठिपका. पंचवीस एप्रिलला काठीची सावली साडेनऊ सेंटीमीटर होती. एक मेला सहा. सहा मेला साडेतीन. पोरं पैजा लावायला लागली. सावली उद्या किती, परवा किती, संपणार कधी?

काठी ओळंब्यात नसेल तर सगळं फुकट. सर दोरीला दगड बांधून ती तपासत. आमच्यात नगरपालिकेच्या शाळेतला एक मुलगा होता. दोनदा नापास झालेला, असं नंतर कळलं, तेव्हा नाही. कोण हुशार, कोण ढ, कुणाचा हजेरीत कितवा नंबर, हे त्या मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो सरांना म्हणाला, "सर, ओळंबा असा नाय धरत." दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांचा पितळी ओळंबा आणला. वडील गवंडी होते. ओळंबा हलता राहिला तर डोळा कुठे ठेवायचा, वारा असेल तर थांबायचं किती, हे त्याने सरांनाच शिकवलं. सर मान डोलावत शिकले. त्या दिवसापासून काठी त्याच्या ताब्यात. शाळेत त्याला कुणी काय विचारलं असेल कुणास ठाऊक, पण ओळंब्याबद्दल नक्कीच नसेल.

मी कोल्हापूरच्या मामेभावाला कार्ड धाडलं, की तुमच्याकडे सावली सहा-सात मेलाच संपणार, बघून ठेव. सूर्य उत्तरेकडे सरकत येतो. आधी सिंधुदुर्ग, मग कोल्हापूर, पुणे, मुंबई, आणि नागपूरला पोचेपर्यंत सव्वीस मे उजाडतो. दिल्लीला तर तो माथ्यावर कधी येतच नाही, कर्कवृत्तावरूनच माघारी फिरतो. हे सगळं मी त्या कार्डावर कोंबडीच्या पायांनी लिहिलं. भावाचं उत्तर आलं, त्या दुपारी तो झोपला होता.

तेरा मे. सगळे वर्ग मैदानावर आले होते, हस्ताक्षराच्या बाईंसह. बारा पंचवीसला काठीच्या पायथ्याशी पश्चिमेकडे एक करंगळीभर काळी रेघ होती. ती बुडाशी गोळा होत गेली आणि दिसेनाशी झाली. काठी नुसती उभी, कुणी विसरून गेल्यासारखी. आम्ही आपल्या पायांकडे पाहिलं. डोकं आणि खांदे यांची मिळून एक वाटोळी थाळी, तिच्यात आम्ही उभे. एक लहान मुलगा रडायला लागला, त्याला वाटलं आपली सावली हरवली.

दोन दिवसांनी समारोप झाला. भेंडीचे ठसे, शाडूचे हत्ती, टाकाने लिहिलेली सुभाषितं, सगळं टेबलांवर मांडलेलं. आमच्याकडे मांडायला काही नव्हतं. काठी मांडणार? आईने विचारलं, "तू काय केलंस?" मी म्हटलं, "सावली मोजली." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग शेजारणीच्या मुलीचं अक्षर पाहायला गेली. तिचंही खरंच होतं, फी अक्षराची भरली होती.

परवा भाचीला शिबिरातून आणायला गेले. तिला रोबोटिक्सला घातलंय. ती सापडली व्हरांड्यात, आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन बसलेली. अरविंद गुप्तांनी देशभरातल्या मुलांना लावलेलं हे वेड, एवढ्या वर्षांनीही टिकून आहे. तिने चौकोन केला, तो तिरका झाला. कर्णावर एक काडी घातली, तो ताठ झाला. घरी येताना रिक्षातून तिचं सुरूच, "मावशी, तो बघ त्रिकोण! तो मोबाईलचा टॉवर बघ!" गोदामाच्या पत्र्याखालची लोखंडी कैची दिसली तेव्हा तिने रिक्षाच थांबवायला लावली. रोबोटचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

माझा छंद मात्र शिबिर संपल्यावरही गच्चीवर चालू राहिला. वीस मेच्या सुमाराला सावली परत आली, पण दक्षिणेला! सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला गेला होता. जुलैच्या अखेरीस तो परतताना पुन्हा एकदा बरोबर माथ्यावर येणार, हे मी वहीत लिहून ठेवलं. जूनमध्ये ढग आले. तीस जुलैला मी छत्री घेऊन गच्चीवर पाऊण वाजेपर्यंत उभी राहिले. काठी भिजत होती, सावली अशी कुठेच नव्हती, सगळीकडेच होती. त्यानंतरही बऱ्याच वर्षी गच्चीवर गेले. पुण्यातला जुलैचा बिनसावलीचा क्षण मी अजून पाहिलेला नाही. ओळंबा एका खिळ्याला टांगलेला आहे, बाजारातून नवा आणलेला.