आईची मेंदी

लोखंडी कढईत, चहाच्या कोमट पाण्यात मेंदी भिजवायची, गुठळ्या मोडायच्या आणि रात्रभर ठेवायची. आईचा खांदा आखडल्यापासून तिच्या डोक्याला मीच लावते. पांढऱ्या केसांवर मेंदी केशरीच चढते, पानातल्या लॉसोनचा रंगच तो! आईला मात्र काळे केस हवेत. बाबा गेल्यापासून जरा जास्तच. "खचलीस गं" असं कुणी म्हटलेलं तिला खपत नाही. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त अनेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याने चेहराभर सूज येते. म्हणून मेंदी धुतली की निळीच्या पानांची पूड, भिजवून लगेच. (वास ओल्या गवताचा!) भांगाजवळ केस फार विरळ झालेत. तिथे माझा हात हलका होतो.

"नीट चोळ गं," आई म्हणते.