दारच्या पाहुण्यांस काय दाखवावे?

अतिथि या शब्दाची फोड आम्ही वर्गात 'ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाही तो' अशी सांगत असू. हल्लीचा पाहुणा आगगाडीचे आरक्षण करून, डब्याचा क्रमांकदेखील आधी कळवून येतो. तेव्हा त्यास अतिथि म्हणणे व्याकरणास सोडून आहे. परंतु तिथि कळल्यामुळे यजमानाची चिंता कमी होत नाही. ती पंधरा दिवस आधी सुरू होते इतकेच. जेवणाखाण्याचा प्रश्न घरातील बायकांनी केव्हाच सोडविलेला असतो. पाहुण्यांस चार दिवस दाखवावयाचे काय, आणि तेही पेन्शनीच्या बेताने, हा प्रश्न मात्र कर्त्या पुरुषापुढे उभा राहतो.

आमचे व्याही रत्नागिरीचे. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता त्यांच्याकडे राहून आलो. समुद्रकाठच्या गावी ही विवंचना फारशी नसते हे खरे. तरी त्यांनी आम्हांस ज्या रीतीने गाव दाखविले ती रीत लक्षात राहण्यासारखी आहे. मोटार भाड्याने केली नाही. ऊन उतरल्यावर भाट्याच्या पुळणीवर नेऊन बसविले. एके सकाळी टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान, एके दिवशी रत्नदुर्ग, की जेथून तिन्ही अंगांस पाणीच दिसते. बरोबर डब्यात घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. थिबा राजवाड्यापाशी उभे राहून व्याही सांगत होते की, १८८५ साली राज्य गमावलेला ब्रह्मदेशाचा हा राजा १९१० साली बांधलेल्या या वाड्यात राहिला आणि १९१६ साली रत्नागिरीतच वारला. सांगताना त्यांचा स्वर असा की, राजा जणू त्यांच्याच आळीतील कोणी गृहस्थ होता!

तेच व्याही आणि विहीणबाई यंदा संक्रांतीनंतर आमच्याकडे नंदुरबारास यावयाचे ठरले आणि घरात खलबते सुरू झाली. चिरंजीवांचे म्हणणे, 'बाबा, समुद्र पाहून डोळे निवलेल्या माणसांस आपण येथे काय दाखविणार? मोटार करू आणि गुजरातेतील सरदार पटेलांचा पुतळा दाखवून आणू.' पुतळा १८२ मीटर उंच आहे आणि २०१८ साली त्याचे लोकार्पण झाल्यापासून तेथे माणसांची रीघ असते, हे मला ठाऊक आहे. परंतु पुतळ्याजवळच्या सरदार सरोवराच्या बुडितात आमच्याच अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सापडली. ते सांगावयाचे सोडून नुसता पुतळा दाखविणे मला अर्धवट वाटते. शिवाय एका दिवसाच्या मोटारभाड्यात आमच्या घरचा पंधरवड्याचा किराणा येतो.

सून या वादात एक शब्द बोलली नाही. ती व्याह्यांचे शेंडेफळ. लहानपणापासून समुद्राचा आवाज ऐकत झोपलेली. तिच्या गप्प राहण्यावरून मला खरी गोष्ट उमगली. ही माणसे नंदुरबार पाहावयास येत नव्हती. आपली मुलगी कोठे राहते, हे पाहावयास येत होती. मग त्यांस सीमेपलीकडे नेऊन काय दाखवावयाचे होते?

पहिला दिवस प्रकाशे या तीर्थाचा ठरला. शहाद्याच्या एस.टी.ने गेलो. महामंडळाच्या सवलतीनुसार पंचाहत्तरी गाठलेल्यांस २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, म्हणून व्याही फुकट. २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट, म्हणून विहीणबाई, आमचे कुटुंब आणि सून अर्ध्यात. पासष्टीपुढचा म्हणून मीही अर्ध्यात. पूर्ण तिकीट काढावे लागले ते एकट्या मोटारवाल्या चिरंजीवांस.

प्रकाश्यास गोमाई नदी तापीस मिळते. बंधाऱ्यामुळे हिवाळ्यात पाणी तुंबून तापीचे पात्र विशाल दिसते. व्याही घाटावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, 'मास्तर, ही तर आमच्या भाट्याच्या खाडीसारखी दिसते हो!' मी म्हटले, 'वाटेत उकाईचे धरण अडविते तेवढेच. पुढे सुरतेवरून जाऊन तुमच्याच समुद्रास मिळते.' हे उत्तर त्यांस फार आवडले; पुढे दोन दिवस ते तापीस 'आमची नदी' म्हणत होते. केदारेश्वराचे दर्शन झाले. येथे पुष्पदंतेश्वराचेही देऊळ आहे. शिवमहिम्नस्तोत्र रचणारा गंधर्व पुष्पदंत याच्या नावाचे हे स्थान. काशीची यात्रा येथे आल्यावाचून पुरी होत नाही, असा या भागातील समज आहे. हा इतिहास नव्हे, हे मी पाहुण्यांस सांगितले. परंतु ज्याच्या स्तोत्राची वृत्ते पाठ करण्यात आमचे बालपण गेले, त्याच्या नावाच्या देवळात सावकाश बसावयास मिळते, एवढे मला पुरे आहे. इतिहास हवा असेल तर तोही येथे आहे. १९५५ साली बा. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण युगातील वस्तीचे अवशेष निघाले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नदीकाठी बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दूर कोठे जावयाचे नव्हते. थंडीच्या दिवसांत शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात. दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत लाल जमीन, आणि तीत बसून देठ खुडणाऱ्या बाया. पाहण्यास पैसा लागत नाही. नाकाशी धरावयास रुमाल मात्र लागतो, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस उभे राहू नये. विहीणबाईंनी शिंका देत देत मजूर बायांची दिवसभराच्या मजुरीची चौकशी केली, तिखटाच्या जाती विचारून घेतल्या आणि दोन किलो मिरची बांधून घेतली. माझ्या मते इतके मनसोक्त पाहणे त्यांचे त्या पुतळ्यापाशी झाले नसते.

सायंकाळी माणिक चौकात गेलो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमारचे वय अवघे पंधरा होते. मी जन्मभर ज्या वयाच्या मुलांकडून रूपे घोकून घेतली, त्याच वयाचा. व्याही टपालखात्यातील, बोलका माणूस. तेथे हुतात्म्यांची नावे वाचून त्यांनी टोपी काढली आणि घरी येईतो काही बोलले नाहीत.

तोरणमाळाचे नाव निघाले होते. परंतु सातपायरीचा घाट चढून अकराशे मीटरांवर जावयाचे, यशवंत तलावाकाठी हिंडावयाचे आणि त्याच दिवशी परतावयाचे, ही घाई म्हाताऱ्या गुडघ्यांस मानवत नाही. तेथे एक रात्र राहिलेच पाहिजे. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा दत्तजयंतीची, ती होऊन गेली होती. कोणास घोडे दाखवावयाचे असतील त्यांनी पाहुण्यांस मार्गशीर्षात बोलवावे.

तिसऱ्या दिवशी मी उनपदेवाच्या उष्ण झऱ्याचा बेत मांडीत होतो, तोच सून आतून आली आणि म्हणाली, 'बाबा, आज मी नेते.' आईवडिलांस घेऊन ती सकाळी दहाच्या सुमारास पायीच बाहेर पडली. चिरंजीव बरोबर निघाले तर त्यांसही तिने राहू दिले. दिवेलागणीस तिघे परत आली ती हसत. विहीणबाईंच्या हातात भाजीची पिशवी होती. व्याह्यांनी दाराशी चपला काढीत आमच्या गल्लीतील तीन बिऱ्हाडांची नावे घेतली, आणि त्यांतील एक बिऱ्हाड मलाही अपरिचित होते. कोठे कोठे हिंडलात हे मी विचारले नाही. त्या दिवसाचा खर्च सुनेने सांगितला नाही, आणि माझ्या जमाखर्चाच्या वहीत ती ओळ अद्याप कोरी आहे.