चार मिनिटांचा रातांबा

मे महिना संपत आला की मुंबई-पुण्यातल्या असंख्य किचनमध्ये एक बाटली येऊन दाखल होते. प्लॅस्टिकची, आधीच्या जन्मी बहुतेक कोल्ड्रिंकची. बुचावर पिशवीचा तुकडा आणि त्यावर करकचून बांधलेला रबर. आत गडद लाल, जवळजवळ काळंच दिसणारं आगळ. कुणाच्या तरी मावशीने, आत्याने, काकीने मालवण, कणकवली नाहीतर वेंगुर्ल्याहून पाठवलेलं. आपण फोन करतो, ‘पोचलं गं, थँक्यू’ म्हणतो आणि बाटली ओट्याखाली सरकवतो. तिथे तिच्या शेजारी कोण उभं असतं? गेल्या वर्षीची बाटली!

हसू नका. तुमच्याही ओट्याखाली आहे. वाकून बघा.

ही बाटली जिथून निघते, त्या घरात मी यंदा मे महिन्यात तीन आठवडे राहिले. मालवण-आचरा रस्त्यापासून थोडं आत, एका वाडीत. घरात काकी एकटीच. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. चुलतभाऊ डोंबिवलीत, त्याची मुलं सुट्टीत आठवडाभर येतात आणि वाय-फाय नाही म्हणून पाचव्या दिवशी कंटाळतात. मी लॅपटॉप घेऊन गेले होते. विहिरीजवळ रेंज मिळायची, त्यामुळे माझं ऑफिस विहिरीजवळ!

कोकणातल्या घरात मे महिना म्हणजे आगोट. पावसाळ्याआधीची साठवण. एकदा पाऊस लागला की वाळवण बंद, होड्या बंद, बाजारही जेमतेम. म्हणून मे महिन्यात सगळं घर पुढच्या चार महिन्यांसाठी राबतं. सुकी मासळी, फणसाची आणि आंब्याची साठं, सांडगे आणि रातांब्याची सोलं. रातांबा फोडायचा, साल वेगळी करायची, त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची. असं पाच-सहा वेळा. रसात मीठ घातलं की आगळ. सालीच्या वाटीत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम. बियांचंही तेल निघतं, भेगा पडलेल्या टाचांना लावायचं. काही म्हणजे काही फुकट जात नाही.

फक्त एक गोष्ट कुणी करत नाही. आज पिकलेला रातांबा आज खात नाही. सगळं उद्यासाठी.

आणि हा उद्या कुणाचा, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. काकी अजून आठ माणसांच्या घराची आगोट करते. घरात माणूस एक. बाकीचे सात जण म्हणजे आपण. ओट्याखाली बाटली सरकवणारे.

झाडाखालचा माल

आमची कलमं कंत्राटाने दिलेली आहेत. म्हणजे झाड आपलं, हापूस दुसऱ्याचा. तो पेटीत बसतो आणि वाशीच्या मार्केटला जातो. त्याला भाव आहे, नाव आहे, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. उरलेली फळं मात्र कुणाला नको असतात. रायवळ आंबे पटापट पडतात आणि फुटतात. करवंदं तोडल्यावर दुसऱ्या दिवशी मऊ होतात. काजूचा बोंडू तर संध्याकाळपर्यंत आंबायला लागतो. गोव्यात त्याची फेणी होते, आमच्याकडे बी काढून घेतली की तो झाडाखालीच कुजतो. आणि रातांबे! पिकले की सकाळी झाडाखाली लाल सडा. काका होते तोवर ते काठीने झाड हलवायचे, पोरांना गोळा करायला लावायचे. आता काकी कंबर धरून जमतील तेवढे उचलते. बाकीचे मुंग्यांना.

ऊन एवढं होतं की दुपारी लॅपटॉपवर हात ठेववत नव्हता. मी म्हटलं, ‘काकी, ह्याच्या कांड्या करूया. गारेगार.’

काकीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मी रातांब्याचा पिझ्झा मागितला होता.

‘काय गो, मुंबयत बर्फ गावना नाय?’

मुंबईत सगळं गावतं. सिलिकॉनचे साचे गावतात, मॉलमध्ये शंभर-दीडशे रुपयांची ‘आर्टिसनल’ पॉप्सिकल गावते, काडीवर लव्हेंडर खोचलेली. गावत नाही तो ताजा रातांबा. तो एवढा नाजूक की बाटलीत, बरणीत नाहीतर वाळवून, अशा तीनच मार्गांनी शहरात पोचतो. लहानपणी रुपयाची पेप्सी दाताने फोडून खाल्लेल्या आपल्या पिढीला त्याची खरी चव माहीतच नाही.

काकीचा खरा आक्षेप वेगळाच होता. तिचा फ्रीजवर विश्वास नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तेव्हापासून तिच्या फ्रीजमध्ये दूध, दोन दिवसांची मासळी आणि रिकामी जागा, एवढंच असतं. मीठ आणि ऊन या दोन गोष्टी लाइट गेली तरी दगा देत नाहीत, हा तिचा फंडा. मला तो चुकीचा म्हणता येईना.

मी तिला पॉप्सिकलची जन्मकथा सांगितली. अमेरिकेत १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फ्रँक एपर्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा सोडा पावडर कालवलेला पाण्याचा ग्लास काडीसकट रात्री बाहेर विसरला. सकाळी बघतो तर काडीला बर्फ! मोठेपणी, १९२४ मध्ये, त्याने त्याचं पेटंट घेतलं. आधी नाव होतं एप्सिकल, मग झालं पॉप्सिकल. काकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे थंय थंडी फुकट गावली तेका. हंय बिल येता.’

पण रातांबे निवडायला बसली.

काडी, साखर, तिरफळ

साच्यांच्या जागी स्टीलचे छोटे पेले. काड्यांसाठी माडाच्या झावळीचे हीर. एक हीर वाकतो, म्हणून तीन-तीन एकत्र धरायचे. मिश्रण पातळ असताना काडी उभी राहत नाही. दीड-दोन तास थांबायचं, अर्धवट गोठलं की मधोमध खोचायची. मग रात्रभर फ्रीजरमध्ये. बाहेर काढताना पेला नळाखाली क्षणभर धरला की कांडी अलगद सुटते.

सगळी गंमत साखरेत आहे. साखर कमी पडली तर नुसता दगडी बर्फ होतो. चोखला की रस आधी निघून जातो आणि मागे पांढरी कांडी उरते. जास्त झाली तर गोठतच नाही, कारण साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. शिवाय थंडीत जिभेला गोडवा कमी कळतो. म्हणून मिश्रण चाखल्यावर ‘थोडं जास्तच गोड झालं’ असं वाटलं, तर ते बरोबर!

आमचं प्रमाण असं बसलं. दहा पिकलेले रातांबे, एक वाटी साखर, तीन वाट्या पाणी. बिया काढून साली साखरेबरोबर वाटायच्या, तासभर ठेवायच्या, पाणी घालून गाळायच्या. चिमूटभर मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाणी उकळून गार केलेलंच, हा काकीचा हट्ट, कारण खाणार वाडीतली पोरं. रंग असा आला, की कुठलाही कारखान्यातला रंग लाजेल.

मग मला चेव चढला. करवंदं कुस्करून गाळली आणि त्यात पुदिना ठेचून घातला. पुदिना गरम पाण्यात घालायचा नाही, रंग काळपट होतो. गवती चहाचं उलट. त्याची पाती उकळत्या पाकात दहा मिनिटं झाकून ठेवायची, मगच वास उतरतो. तो पाक गार करून शहाळ्याच्या पाण्यात मिसळला. दिसायला साधी, पण ऑफिसमधल्या एसीपेक्षा गार.

आणि माझी फेव्हरिट, रायवळ आंबा विथ तिरफळ! तिरफळ म्हणजे बांगड्याच्या तिखल्यात पडतं ते. चिनी जेवणात जीभ झिणझिणवणारी सिचुआन मिरी असते ना, तिचंच हे भावंड. आतली काळी बी टाकून द्यायची, चार टरफलं गरम पाकात दहा मिनिटं ठेवायची, गाळायची आणि गार झाल्यावर पिळलेल्या आंब्याच्या रसात घालायची. आधी आंबा लागतो, मग दोन सेकंदांनी जिभेच्या टोकाला हलकीशी झिणझिण. काकी म्हणाली, ‘आंब्यात तिरफळ? तुझी आजी असती तर काठी घेवन इली असती.’ पण डब्यातलं तिरफळ तिनेच काढून दिलं.

लाइट गेली!

तिसऱ्या दिवशी फ्रीजरमध्ये बावीस कांड्या तयार होत्या. काकीने लगेच आगोटीचा हिशेब मांडला. चार आपल्याला, सहा चुलतभावाची मुलं येतील तेव्हा, बाकीच्या ‘ऱ्हवांदेत’. उद्यासाठी!

दुपारी साडेतीनला लाइट गेली. तासभर वाट बघितली. वितळून परत गोठलेल्या कांडीत बर्फाचे मोठे खडे होतात, चव आणि टेक्स्चर दोन्ही जातं. हे मी समजावून सांगणार, इतक्यात काकीच उठली.

‘पाणी होतला तेंचा. बोलव सगळ्यांका!’

आणि ती स्वतःच खळ्याच्या टोकाला जाऊन हाका मारायला लागली. मी तिचा एवढा मोठा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. पाच मिनिटांत वाडीतली पोरं, त्यांच्या आया, शेजारचे आजोबा, पाणी भरायला निघालेल्या दोघी जणी, सगळे खळ्यात. कुणी तुळशीच्या कट्ट्यावर, कुणी पायरीवर. कांडी हातात आली की बोलायला वेळ नसतो. त्या उन्हात एक कांडी चार मिनिटं टिकते, फार तर पाच. कोपरापर्यंत लाल ओघळ, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. आजोबांनी दात नसल्याचा फायदा घेऊन दोन संपवल्या. एका पोराने ‘सोलकढीची पण करा, लसूण घालून’ अशी फर्माईश केली, ती एकमताने फेटाळण्यात आली.

शेवटची उरली ती रातांब्याची. काकी नेहमीप्रमाणे ‘माका नको’ म्हणणार होती. पण ठेवणार कुठे? ती पायरीवर बसली आणि पूर्ण संपवली. काडी चोखून बघितली. मग म्हणाली,

‘औंदा आगळ कमी करूया. तुमी खंय पितात?’

आवाजात तक्रार नव्हती. हिशेब होता. म्हणजे तिला ठाऊक होतं. ओट्याखालच्या सगळ्या बाटल्या तिला इथून दिसत होत्या आणि तरीही ती दर मे महिन्यात कंबर धरून रातांबे उचलत होती, कारण थांबायचं म्हणजे घरात आता एकच माणूस आहे हे कबूल करायचं.

गेल्या वर्षी चौदा बाटल्या भरल्या होत्या. यंदा सहा. मी निघाले तेव्हा बाकीचे रातांबे फ्रीजरमध्ये होते आणि चार वाजले की खळ्याच्या टोकाला पोरं घुटमळायला लागत होती. पैसे घे म्हटलं तर तिने मला झापलं. त्याऐवजी पोरांनी सकाळी झाडाखालचा सडा गोळा करून द्यायचा, असं ठरलं. तिची कंबर वाचली. डोंबिवलीला राहायला ये, हा चुलतभावाचा आग्रह चालूच आहे. त्यावर तिचं उत्तर, ‘पावस जावंदे, मगे बघूया.’ आधी ती नुसतीच गप्प बसायची.

तुम्हाला ही कांडी घरी करायची असेल, तर सोपं आहे. ओट्याखाली वाका. गेल्या वर्षीचं आगळ उघडा, वास घेऊन बघा. मिठामुळे ते सहसा छान टिकलेलं असतं. तीन वाट्या पाणी, एक वाटी साखर, दोन मोठे चमचे आगळ, जिरेपूड. वरून मीठ अजिबात नको. रात्री ठेवा, सकाळी तयार. आणि ज्यांनी बाटली पाठवली त्यांना जांभळ्या जिभेचा फोटो पाठवा. ‘थँक्यू’पेक्षा तो जास्त पोचतो.

ताज्या रातांब्याची मात्र इथे होणार नाही. ती बाटलीत भरता येत नाही, कुरियर करता येत नाही, एसटीने तर नाहीच. कुडाळला गाडीत चढेपर्यंत तिचं सरबत होतं. त्यासाठी मे महिन्यात सुट्टी टाकून तिथे जावं लागतं आणि ती तिथेच, ज्याने केली त्याच्यासमोर बसून संपवावी लागते. रजेच्या अर्जात ‘पर्सनल रीझन’ लिहू नका. सरळ लिहा, ‘रातांबे पिकलेत.’ बॉस कोकणातला असेल तर काही विचारणार नाही. नसेल तर येताना त्याच्यासाठी एक बाटली आणतो म्हणून सांगा.

आणायचीही गरज नाही. गेल्या वर्षीची आहेच!