आधी खोली, मग कॅमेरा

‘जाने भी दो यारो’मधले ते दोन फोटोग्राफर कुंदन शाह यांना कुठून सुचले, हे मी सिनेमाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्याबरोबर शिकलेल्या दोन मित्रांनी हैदराबादला जाऊन फोटो स्टुडिओ थाटला होता. तिथे त्यांनी जे टक्केटोणपे खाल्ले ते कुंदन शाह यांच्या कानावर आले आणि त्यातून पटकथेचं बी पडलं. १९८३च्या त्या चित्रपटाचं संकलन रेणू सलुजा यांचं, छायालेखन बिनोद प्रधान यांचं, पडद्यावर नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शाह. ही सगळी मंडळी त्याच आवारातून बाहेर पडलेली. पैसा एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा आणि तोही बेताचाच. एवढ्याशा पैशात एवढी गुणी माणसं एका चित्रपटासाठी उभी राहिली, कारण त्यांनी एकमेकांना आधीच पारखून घेतलं होतं.

मी संकलक आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून पुण्या-मुंबईच्या माध्यम महाविद्यालयांत संकलन शिकवतो. एका ठिकाणी वसतिगृहाची जबाबदारीही माझ्याकडे होती. दिवाळी सरली की प्रवेशाच्या चौकशा सुरू होतात. पालक विचारतात, कॅमेरा कोणता आहे, सॉफ्टवेअर कुठलं शिकवता, प्लेसमेंट किती. मुलं कुठे राहतील, हे विचारलंच तर शेवटी, निघता निघता. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. सिनेमाच्या शिक्षणात संधी नावाची जी गोष्ट आहे, तिचा मोठा भाग राहण्याच्या जागेत ठरतो.

ते कसं, हे कामाच्या रीतीवरून कळेल. फिल्म स्कूलमध्ये कुणी एकट्याने शिकत नाही. प्रत्येक सरावपटाला दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी आणि संकलन अशा शाखांतून एकेक जण येतो आणि युनिट तयार होतं. दिवसभर शूट, संध्याकाळी फुटेज उतरवायचं, त्याच्या दोन प्रती काढायच्या, आवाज सिंक करायचा, मग रफ कटला हात घालायचा. खरी वादावादी इथे सुरू होते. हा शॉट दोन सेकंद आधी तोडला तर? इथे आवाज आधी येऊ दिला तर? रात्री दीड वाजता असं काही सुचलं की वसतिगृहातली मुलगी चप्पल अडकवून एडिट रूममध्ये येते. कात्रजला किंवा वाघोलीला राहणारा मुलगा तोवर पीएमपीची शेवटची बस पकडून गेलेला असतो. तो गुणवत्तेत कमी नसतो. पण दोन-तीन सरावपटांनंतर मुलं आपापली युनिटं जमवू लागतात, तेव्हा जो हाताशी असतो त्याचं नाव आधी येतं. पुढे डिप्लोमा फिल्म, तिथून महोत्सव, तिथून पहिलं काम. ही साखळी कुठे सुटली हे त्या मुलाला कळतही नाही. आपण कमी पडलो असंच त्याला वाटत राहतं.

प्रभातची जागा फिल्म इन्स्टिट्यूटच्या वाट्याला आली, हे मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला आली. नट, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी सगळे पगारावर, एका आवारात. त्याच आवारात १९६० साली सरकारने संस्था सुरू केली. १९६४ साली फिल्म अर्काइव्ह स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी जमवलेला खजिना विद्यार्थ्यांना चालत जाण्याच्या अंतरावर आला. ऋत्विक घटक साठच्या दशकात इथे शिकवत होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. घटकांचं शिकवणं घंटेबरोबर संपत नसे, झाडाखालीही चाले. त्यासाठी विद्यार्थी घंटेनंतर आवारात असावे लागतात.

फिल्म इन्स्टिट्यूटच्याच पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ या माहितीपटाचा सगळा डोलारा वसतिगृहाच्या खोलीत सापडलेल्या पत्रांवर उभा आहे. २०२१ साली त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. २०२४ साली त्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ने तिथलंच ग्रां प्री मिळवलं. त्यात दोन मल्याळी परिचारिका मुंबईत एका खोलीत राहतात, आणि छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती कागदपत्रांअभावी घर गमावते. दोन्ही चित्रपटांचे छायालेखक रणबीर दास याच संस्थेचे. चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला त्याच वर्षी कानच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. तो एक वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमातल्या चार शाखांच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून केलेला. एका वर्षात अशी चौकडी जमणं मला साधं वाटत नाही.

आता बाकीच्या महाविद्यालयांकडे वळतो, कारण बहुसंख्य मुलं तिथेच शिकतात. पुण्यात माध्यमशिक्षण देणाऱ्या संस्था पुष्कळ झाल्या. स्टुडिओ झाले, ग्रीन स्क्रीन आले, वसतिगृहं मात्र त्या प्रमाणात झाली नाहीत. बीडहून, परभणीहून, सावंतवाडीहून आलेलं मूल मग कॉट बेसिसवर राहतं. एका खोलीत तीन-चार कॉट, एक कपाट दोघांत, डिपॉझिट वेगळं. चौघांनी मिळून फ्लॅट घ्यायचा तर अकरा महिन्यांचा करार, दलाली, पोलीस व्हेरिफिकेशन, आणि बॅचलरना जागा न देणाऱ्या सोसायट्या. जागा मिळाली तर रात्री अकरानंतर फाटक बंद. शूट पहाटे चारला संपलं तर भाड्याने आणलेल्या लेन्सच्या पेट्या घेऊन ही मुलं स्टेशनवर किंवा चहाच्या टपरीवर उजाडायची वाट पाहतात. डबा रात्री साडेआठला येऊन थंड झालेला असतो. लाखांची सामग्री उशाशी ठेवून झोपलेली मुलं मी पाहिली आहेत, कारण ओरखडा उठला तरी भरपाई त्यांनाच द्यायची असते. अशा रात्रीनंतर सकाळी नऊच्या तासाला ते मूल डुलकी घेतं आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

मुलींच्या बाबतीत गोष्ट याहून गंभीर आहे. बहुतेक खासगी वसतिगृहांत रात्री साडेनऊ-दहाच्या आत परतायचा नियम असतो. पालकांना तो हवा असतो आणि त्यामागची काळजी मला समजते. पण त्याचा परिणाम थेट शाखेच्या निवडीवर होतो. कॅमेऱ्याची उत्तम नजर असलेल्या मुली संकलनाचा अर्ज भरतात, कारण ते काम बसून, वेळेत होईल असा समज असतो. माझ्या शाखेत त्या आल्या की मला आनंद होतो, पण फाटकाच्या वेळेमुळे आल्या असतील तर तो आनंद राहत नाही. आणि संकलनही वेळेत होत नाहीच.

यावर उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. वसतिगृह माझ्याकडे असताना आम्ही कॉलशीटची एक प्रत रेक्टरबाईंकडे आदल्या दिवशी द्यायला सुरुवात केली. कुठे शूट, कोण बरोबर, किती वाजता पॅकअप, परतीची गाडी कोणती, हे सगळं लेखी. हा कागद पाहिल्यावर आक्षेप घेणारे पालक शांत झाले. रात्रीच्या शूटची गाडी महाविद्यालयाच्या खर्चात धरली आणि परतणाऱ्यांसाठी मेसमध्ये जेवण झाकून ठेवायची सोय केली. पुढच्याच वर्षी मुली कॅमेरा शाखेबद्दल विचारू लागल्या.

पैशाबद्दल थोडं सांगायला हवं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. त्याखेरीज डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावे वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या, पण अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असणं महत्त्वाचं. सिनेमाचे कितीतरी खासगी डिप्लोमा तसे नसतात. ज्या मुलांना या पैशाची सर्वांत जास्त गरज असते ती चकचकीत माहितीपत्रक पाहून फी भरतात आणि मग भत्त्याला मुकतात. फी भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा, आणि तो संबंधित योजनेच्या कार्यालयात दाखवून विचारा.

अभ्यासक्रम लांबला की वसतिगृहही तुंबतं. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मध्यंतरी तीन वर्षांच्या तुकड्या कितीतरी जास्त काळ रेंगाळल्या. डिप्लोमा फिल्म अडली की जुनी तुकडी खोली सोडू शकत नाही आणि नव्या तुकडीला जागा राहत नाही. वेळापत्रक पाळणं ही म्हणूनच राहण्याच्या प्रश्नातलीही मोठी गोष्ट आहे.

आणि मग मुंबई. सहायक संकलकाचं पहिलं काम बहुतेकदा अंधेरी-वर्सोव्याच्या पट्ट्यात मिळतं. पहिले काही महिने पगार तुटपुंजा, कधी उशिरा, कधी नुसताच प्रवासखर्च. ज्याचं घर मुंबईत आहे तो हे महिने काढतो. ज्याचं नाही तो चांगलं काम सोडून लग्नाचे व्हिडिओ कापायला गावी परततो, आणि ते काम मानाचं असलं तरी त्याने निवडलेलं नसतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने अंधेरी पूर्वेला दोन खोल्यांची जागा चालू ठेवली आहे. भाडं कमावते देतात, नवा आलेला पहिले तीन महिने फक्त विजेच्या बिलातला वाटा देतो. महाविद्यालयांनी प्लेसमेंट विभागावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग अशा जागांसाठी बाजूला काढावा, ही मागणी मी प्रत्येक बैठकीत मांडतो. यंदा एका संस्थेने निदान एका जागेचं डिपॉझिट भरायचं मान्य केलं आहे. जूनमध्ये तिथे चार मुलं राहायला जातील, त्यांतली दोघं ध्वनी शाखेची आहेत.